खंडेनवमीचा बोल्ट

किल्ली फिरवली की एकदाच 'टक्' असा आवाज यायचा, समोरचे दिवे मंद व्हायचे आणि सगळं शांत. आमची गाडी त्यापुढे जायला तयार नव्हती.

माझे यजमान माघात गेले. त्याआधी चारेक महिने ते अंथरुणावर होते. दवाखान्याच्या खेपा कधी अँब्युलन्समधून, कधी ओळखीतल्या कुणाच्या गाडीतून झाल्या, आणि आमची गाडी बुलडाण्यातल्या आमच्या घराच्या अंगणात लिंबाखाली उभीच राहिली. तेरावं झालं, पाहुणे गेले, मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुन्हा कामावर जाऊ लागले. एका संध्याकाळी काचेवरची धूळ आणि लिंबाचा पाला पुसून किल्ली फिरवली, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

मला गाडी हवी होती ती आठवण म्हणून नव्हे. माझे वडील रोहिणखेडला राहतात. वय शहाऐंशी, पायांत त्राण नाही, गाव सोडून यायला तयार नाहीत. आम्ही दोघं दर दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे जायचो. यजमान गेल्यावर मी एसटीनं दोनदा गेले. एक बस मोताळ्यापर्यंत, मग दुसरीची वाट पाहणं, आणि माझा गुडघा. तिसऱ्या वेळी मोताळ्याला पुढची बस चुकली आणि मी स्टँडवरच्या बाकावर दोन तास बसून अर्ध्यातून परत आले. वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "राहू दे माय. नको दगदग करू." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

रस्त्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॅटरी काढून नेली, रात्रभर चार्ज करून आणली, लावली. टक्. त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बॅटरी चांगली हाय. सेल्फ गेला, मॅडम." इंजिनाला पहिला फेरा देणारी जी मोटर असते, तिला हे लोक सेल्फ म्हणतात. तो खाली उतरवायचा, आतली तार नव्यानं भरायची, नाहीतर नवा टाकायचा, आणि एकदा हात घातला की आणखी काय निघेल ते सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं सांगितलेला खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. दवाखान्यानं घरात फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

माझे दीर खामगावला एका तेलगिरणीत नोकरीला आहेत. स्वभावानं मायाळू, पण निर्णय घेण्याची घाई फार. त्यांचा सोमवारी सकाळी फोन आला.

"वहिनी, रविवारी मी माणूस घेऊन येतो. भंगारचा धंदा हाय त्याचा. टेम्पोत घालून नेते. तुमी फक्त कागदं काढून ठेवा."

"रविवारपर्यंत सुरू झाली तर?"

ते हसले. "सुरू झाली त माह्याकडून पेढे. अन् नाई झाली त मंग माह्यं आयकजा."

मी हो म्हटलं. माझ्या हाती सहा दिवस होते.

मी ग्रंथपाल आहे. अडचण आली की मी कपाटाकडे जाते, दुसरं मला येत नाही. आमच्या ग्रंथालयात तळच्या फळीवर मोटार दुरुस्तीचं एक जुनं मराठी पुस्तक आहे, पाठ्यपुस्तकासारखं, आकृत्या हातानं काढलेल्या. त्याच्या कार्डावर एकाही वाचकाचं नाव नव्हतं. पहिलं नाव मी माझं लिहिलं, तारखेचा शिक्का मारला आणि ते पिशवीत घातलं.

दोन संध्याकाळी मी फक्त वाचलं. त्या पुस्तकाची शिस्त मला आवडली. काही उघडण्याआधी, काही विकत आणण्याआधी, जे डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येतं ते आधी तपासा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होतं. आम्हीही हरवलेलं पुस्तक असंच शोधतो. आधी शेजारची फळी, मग खालची, मग परत आलेल्यांचा ढीग. चोरीला गेलं हे सगळ्यात शेवटी म्हणायचं.

बुधवारी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर मागून आणला. तिथल्या सहायकानं विचारलं, "घरची लाइट गेली का मॅडम?"

"गाडी बंद पडली आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, आणि त्याच्या चकतीवर स्केचपेननं एक लाल खूण केली. "काटा इथंच ठेवा. दुसरीकडं फिरवू नका. अन् या भोकात वायर घालू नका, मीटर जळते." मी रजिस्टरमध्ये सही केली. एवढ्या वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये तो सही करत आला होता.

मापं घेताना मात्र एक माणूस कमी पडत होता. मी इंजिनाशी वाकलेली असताना आत बसून किल्ली कुणीतरी फिरवायला हवी होती. आमच्या शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई राहतात. त्यांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. मी बॉनेट उघडून, पुस्तक रेडिएटरवर टेकवून उभी होते.

"काऊन हो ताई, पोथी वाचून राह्यल्या का गाडीपुढे?"

"पोथीच आहे. या इकडे, तुमच्याकडे काम आहे."

"माह्याकडं? मले त सायकलबी येत नाई."

"किल्ली फिरवायची फक्त. मी 'हं' म्हटलं की."

"अन् पळाली त?"

"पळाली तर गावभर साखर वाटू."

त्या आल्या, साडी सावरून चालकाच्या जागेवर बसल्या, आणि फोटोला बसतात तशा ताठ झाल्या. मी गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं, हँडब्रेक ओढला.

"हॉर्न कुठी हाय?"

"हॉर्न नाही वाजवायचा."

"थो त वाजवू द्या निदान. एवढं बसलो त."

त्यांनी हॉर्न वाजवला. तो बारीक, बेसूर वाजला. मग आम्ही कामाला लागलो.

पहिलं माप बॅटरीच्या दोन टोकांवर. मीटरवर साडेबारा व्होल्ट. मी 'हं' म्हटलं, त्यांनी किल्ली फिरवली, टक्. आकडा जेमतेम हलला आणि जागेवर आला. मी पुस्तकात पाहिलं. बॅटरी अशक्त असेल तर किल्ली फिरवताच आकडा धाडकन खाली यायला हवा. सेल्फ आतून जाम झाला असेल तरी बॅटरीची दमछाक व्हायला हवी. आमची बॅटरी दमलीच नव्हती. म्हणजे तिच्यातून काही जातच नव्हतं. तिच्या आणि सेल्फच्या मध्ये कुठंतरी वाट अडली होती.

हे लक्षात आलं तेव्हा मी बॉनेटखाली तशीच वाकून उभी राहिले. किती दिवसांनी मला एखादी गोष्ट आरपार समजली होती. त्या सगळ्या महिन्यांत डॉक्टर सांगत, मी मान हलवत असे, आणि काही कळत नसे.

"ताई, झोपल्या का?" आतून आवाज आला.

वाट दोन बाजूंची असते. लाल वायरीची जाण्याची आणि काळ्या वायरीची परतीची. लाल बाजूचं दुसरं टोक खोल खाली होतं, माझा हात पोचेना. म्हणून काळी आधी घेतली. मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. परतीची वाट मोकळी असेल तर इथं जवळजवळ शून्य यायला हवं.

"हं."

टक्. अकराच्या वर.

माझा विश्वास बसेना. तीनदा, चारदा करायला लावलं.

"ताई, माह्या बोटाले फोड येतीन आता. सापडलं का काई?"

"सापडलं बहुतेक."

बॅटरीपासून निघालेली काळी वायर मी बोटानं धरून खाली खाली जात राहिले. ती गाडीच्या अंगाच्या पत्र्यावर एका बोल्टला जाऊन मिळत होती. त्याच बोल्टपासून एक विणलेली तांब्याची पट्टी इंजिनाकडे जात होती. सगळी परतीची वाट त्या एका बोल्टमधून. मी मोबाइलचा उजेड पाडला.

बोल्ट दिसतच नव्हता. लाल, पिवळ्या आणि हिरव्या पुटाचा एक गोळा होता तिथे, आणि त्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसलेला.

तो माझा बोल्ट होता.

गाडी घेतली त्या वर्षापासून दर खंडेनवमीला आम्ही तिची पूजा करत आलो. यांचं म्हणणं चाकाला हळदकुंकू लावावं, हार घालावा, झालं. मी म्हणायचे, ओढते ते इंजिन, मग पूजा चाकांचीच का? मी बॉनेट उघडायला लावायची. आतलं सगळं काळं, तेलकट. कुंकू लावायचं कुठं? तेव्हा बाजूच्या पत्र्यावर हा एक बोल्ट दिसला होता. गोल, स्वच्छ, जरासा वर आलेला, देव्हाऱ्यात ठेवावा असा. दरवर्षी मी त्यालाच हळद, कुंकू, अक्षता वाहायची आणि फोडलेल्या नारळाचं पाणी त्याच्यावर ओतायची. हे बॉनेट धरून उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत.

शेजारीणबाई खाली उतरून माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "हे त कुंकू हाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मग मला प्रश्न पडला. पंधरा वर्षं मी हे करत होते, तर गाडी पंधरा वर्षं सुरू कशी होत होती?

बोल्ट खोलायचे पाने शोधायला मी डिकीतली यांची कापडी पिशवी उघडली. पाने होते, पक्कड होती. आणि तळाशी, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत नीट गुंडाळलेल्या तीन वस्तू होत्या. पॉलिश पेपरचा घडी घातलेला तुकडा, व्हॅसलिनची चपटी डबी आणि दात घासायचा एक जुना ब्रश. ब्रशचे केस पिवळे होते. मी वास घेतला. हळद.

दर खंडेनवमीला पूजा आटोपली की ते म्हणायचे, "तू चहा टाक, मी आलोच." मी आत जायची. चहा होऊन निवायला लागला तरी ते बॉनेटमध्ये वाकलेलेच असायचे. मला वाटायचं, देवाधर्माचं फारसं न करणारा हा माणूस वर्षातून एकदा आपल्या यंत्रापुढे जरा थांबतो, थांबू द्यावं. ते माझं कुंकू धूत होते. बोल्ट उघडून, घासून, व्हॅसलिन लावून पुन्हा बसवत होते. आणि पुढच्या वर्षी मी तिथंच नारळ ओतावा म्हणून बॉनेट धरत होते.

गेल्या खंडेनवमीला ते खिडकीपाशी पलंगावर होते. मी ताट घेऊन निघाले तेव्हा म्हणाले, "यंदा इंजिनाची राहू दे. टायरची कर."

"यंदाच का राहू देऊ?" मी म्हटलं होतं. त्या वर्षी मला सगळ्या देवांची गरज होती. अख्खा नारळ ओतला.

त्यांनी खिडकीतून पाहिलं असणार. काही बोलले नाहीत.

त्या बुधवारी मी आणखी फारसं काही केलं नाही. बॅटरीची काळी वायर सोडवली आणि बोल्टला पाना लावून पाहिला, तर तो तसूभर हलेना. शेजारीणबाई घरात जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. "टिपका टिपका सोडा. माह्यी मशीन जाम झाली का मी असंच करतो." आम्ही तेल सोडलं. गुरुवारी पुन्हा सोडलं.

शुक्रवारी कॉलेजातून आल्यावर आधी वरचं पुट खरवडायचं होतं. हात जरा थांबला. कुंकू आहे, आणि हे गेल्यावर आता मीच खरवडायचं. मग मनात आलं, हे काम या घरात पंधरा वर्षं चाललेलंच आहे, फक्त करणारा हात बदलला. खाली कागद धरून मी सगळं खरवडलं आणि तो कागद तुळशीच्या कुंडीत रिकामा केला. पाना लावून अंगाचा भार टाकला. कर्र आवाज करत बोल्ट फिरला.

खाली वायरींच्या टोकांवर हिरवा भुगा साठला होता. मी पॉलिश पेपरचा तो जुना तुकडाच वापरला. पत्रा चमकेपर्यंत, तांब्याचा मूळ रंग येईपर्यंत घासत राहिले. घाईचं काम नव्हतं आणि मला घाई नव्हतीही. ब्रशनं भुगा झाडला. बोल्ट आवळला, व्हॅसलिन लावलं. डबीत आत एका बोटाचा खळगा होता, माझ्यापेक्षा रुंद बोटाचा.

मग बॅटरीची वायर जोडली आणि भिंतीवरून हाक मारली.

"आज मी नाई बसत," शेजारीणबाई म्हणाल्या, पण येऊन बसल्या.

"हं."

पहिल्यांदा इंजिन घरघरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा जास्त वेळ घरघरलं. तिसऱ्यांदा एकदम पेट घेतला, मागून काळा धूर निघाला, लिंबावरचे कावळे उडाले. "अवं माय!" असं ओरडून शेजारीणबाई गाडीतून बाहेर पडल्या आणि तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इंजिन चालत होतं. मी बॉनेट धरून उभी होते, ते उभे राहायचे त्याच जागी, आणि मला रडू आलं नाही. मला ताठ उभं राहावंसं वाटलं.

रविवारी सकाळी दीर आले, मागे टेम्पो. मी टेम्पोचा आवाज ऐकून आधीच किल्ली फिरवून ठेवली होती. अंगणात गाडी सुरू पाहून ते फाटकातच थांबले.

"कोनाले बलावलं होतं?"

"कोणाला नाही."

"मंग?"

"ताईनंच केली," भिंतीवरून आवाज आला. "पुस्तक वाचून. अन् चाबी म्या फिरवली."

भंगारवाल्यानं वाकून इंजिनाचा आवाज ऐकला, हात झटकले. "साहेब, हे भंगार नाई. फुकट आनलं मले." तो गेला.

दिरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मी त्यांना बोल्ट दाखवला, ब्रश दाखवला, दोन वाक्यांत सांगितलं. ते बराच वेळ ब्रश हातात धरून होते. "दादा कधी बोलला नाई," ते म्हणाले. मग एकदम, "पेढे आनतो," म्हणून निघाले आणि खरंच आणले.

मी पेढ्याचा पुडा शेजारच्या सीटवर ठेवला तेव्हा त्यांना कळलं मी कुठं निघाले ते.

"घाट एकटीनं उतरसान? मी येतो ना संगं."

"नको भाऊजी."

"दुसऱ्या गिअरात ठेवजा. दादा तसंच उतरे."

गाडी मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले, यांच्याकडूनच, कॉलेजच्या मैदानावर. नंतर बाहेरही चालवायची. पण राजूर घाटाचं तोंड आलं की मी गाडी बाजूला घ्यायची, ते उतरून इकडे यायचे, मी तिकडे जायची. हे कधी ठरवलं नव्हतं, होत आलं होतं. त्या रविवारीही माझ्या हातांनी गाडी नेमकी तिथंच बाजूला घेतली. मी थांबले. डावीकडच्या सीटवर पुडा होता आणि मोटार दुरुस्तीचं पुस्तक. परत करायची तारीख जवळ आली होती. मागून एक ट्रक हॉर्न देत पुढे गेला. मी आरसा पाहिला, दुसरा गिअर टाकला आणि उतरले. एकेका वळणावर उन्हात वाळलेले डोंगर समोर येत आणि बाजूला होत. ब्रेकला पाय कमी लागला. खाली सपाट रस्ता लागला तेव्हा लक्षात आलं, मी मोठ्यानं वळणं मोजत आले होते.

रोहिणखेडला वडील पडवीत पलंगावर होते.

"कोनासंग आली वं?"

"एकटी."

"मोताळ्याले भेटली का एसटी?"

"गाडीनं आले, बाबा. आपल्या."

त्यांनी काठी मागितली. मी आणि त्यांच्याकडचा गडी, दोघांनी मिळून त्यांना दारापर्यंत आणलं, खुर्ची टाकली. मी त्यांना सगळं सांगितलं. नारळाचं पाणी, बोल्ट, हळदीचा ब्रश. ते डोळे मिटून ऐकत होते.

"अन् जावई काईच बोलले नाईत कधी?"

"नाही."

त्यांनी हात लांब करून बॉनेटवर ठेवला. "गरम हाय अजून," ते म्हणाले.

रस्त्यानं एक ओळखीचा म्हातारा चालला होता. वडिलांनी त्याला काठीनं थांबवलं. "पोरगी आली. घाट उतरून. थे गाडी बंद पडेल होती, मेकॅनिकनं हात टेकले, हिनं दुरुस्त केली." तो बरं म्हणून गेला. पाठोपाठ दूधवाला आला, त्यालाही थांबवलं. या वेळी मेकॅनिक दोन झाले होते. तिसऱ्या माणसाच्या वेळी तीन झाले. मी पेढ्याचा पुडा उघडून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत होते, आणि मेकॅनिक एकच होता हे काही मी सांगितलं नाही.